चार मिनिटं आणि अडतीस मिनिटं

बसडेपोच्या जिन्याखाली एक अरुंद खोली होती. तिला एकच खिडकी, खिडकीला काच, काचेखाली वस्तू द्यायची फट आणि बाहेर लोखंडी शटर. प्रवासी बसमध्ये जे विसरून जात ते सगळं या खोलीत येई: छत्र्या, डबे, चष्मे, मोबाईल, एकदा तर कुणाची तरी दातांची कवळी. वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधून फळीवर ठेवायची आणि मालक आला की खात्री करून परत द्यायची, हे काम एक बाई चोवीस वर्षं करत होत्या. डेपोत सगळे त्यांना सापडबाई म्हणत.

वागायला त्या चांगल्या होत्या. झाडूवाल्यांनाही अहो-जाहो करत, हमालांबरोबर चहा पीत. त्यांनी कुणाला हिडीसफिडीस केलेलं कुणी पाहिलं नव्हतं. नियमाप्रमाणे त्या तीन गोष्टी विचारत: बस कोणती, वस्तू कशी, खूण काय. उत्तरं जुळली की ओळखपत्र बघायचं आणि सही घ्यायची. शंका आली तर आणखी विचारायची मुभा होती.

नव्या डेपो मॅनेजरांकडे तक्रार गेली की या खिडकीवर फार वेळ जातो. त्यांनी रजिस्टरमध्ये दोन रकाने वाढवले: माणूस किती वाजता आला आणि वस्तू किती वाजता मिळाली. सहा महिन्यांनी त्यांनी सरासरी मागितली. आकडेमोडीचा सापडबाईंना कंटाळा, म्हणून परवानगी काढून त्यांनी रजिस्टर घरी नेलं. त्यांचे यजमान गणिताचे निवृत्त मास्तर होते. रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर मास्तरांनी टेबल पुसलं, चष्मा लावला आणि ते हिशेबाला बसले.

सरासरी निघाली अकरा मिनिटं. बाईंना हायसं वाटलं, पण मास्तर पानं उलटतच राहिले. काही माणसं तीन-चार मिनिटांत गेली होती, काहींना अर्ध्या तासाच्या वर लागला होता. असं का, त्यांनी विचारलं. महागाच्या वस्तूला वेळ लागतोच, बाई म्हणाल्या. मग मास्तरांनी फक्त मोबाईल वेगळे काढले. तिथेही तेच. चार मिनिटं, पाच मिनिटं, आणि मध्येच अडतीस.

रजिस्टरमध्ये व्यवसायाचाही रकाना होता. मास्तर एकेक वाचू लागले. चार मिनिटांवाले: बँकेतले साहेब, शिक्षिका, औषधाच्या दुकानाचे मालक. अडतीसवाले: माळी, धुणंभांडी करणारी, ट्रक भरणारा. दहा-बारा नोंदी झाल्यावर बाईंनी त्यांना थांबवलं.

"म्हणजे मी माणसाचे कपडे बघून वागते, असंच ना?"

"मी कुठे काय म्हणालो?" मास्तर म्हणाले. "जे लिहिलंय ते वाचतोय. अक्षर तुझंच आहे."

बाई उठून आत गेल्या आणि दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या. राग मास्तरांवर होता, पण डोक्यात रजिस्टर फिरत होतं. एक नोंद तर डोळ्यांपुढून हलेना. गिलावा करणारा एक गवंडी मुलीचं कानाचं यंत्र मागायला आला होता. त्यांनी त्याला खोदून खोदून विचारलं होतं: कोणत्या कानाचं, कुठून घेतलं, पावती आहे का. पावती आणायला तो घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला; रजिस्टरमध्ये वेळ त्या दुसऱ्या दिवसाचीच होती. त्याच आठवड्यात इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ कॅमेरा मागायला आले होते. ते जरा अडखळले तेव्हा, "काळ्या पिशवीत होता ना?" असं बाईंनीच त्यांना सुचवलं होतं. म्हणजे खूण त्यांनी सांगितलीच नव्हती, बाईंनीच सांगितली होती. कॅमेरा त्यांचाच असणार. दुसरं कुणी मागायला आलं नव्हतं. पण यंत्रही गवंड्याच्या मुलीचंच होतं.

रजिस्टरमध्ये गवंड्याचा नंबर होता. बाईंनी फोन लावला आणि त्या दिवशी उगाच जास्त विचारलं म्हणून माफी मागितली. गवंड्याला आधी काही आठवेना. मग म्हणाला, "ताई, त्यात काय एवढं? दुसरीकडे याहून जास्त वेळ लागतो."

त्याला खरंच काही वाटलं नव्हतं, आणि बाईंना तेच जास्त लागलं.

सगळ्यांना सारखंच विचारायचं, असं त्यांनी ठरवलं आणि आठवडाभर स्वतःवर लक्ष ठेवलं. प्रश्न तीनच राहिले, पण आवाज बदलायचा. एकीला विचारताना त्या हसायच्या, दुसऱ्याला विचारताना कपाळाला आठी पडायची, आणि ती पडल्यावरच कळायचं. म्हणून त्यांनी एक कागद छापून घेतला. माणसाने बाहेरच उत्तरं लिहून पेटीत टाकायची. बाई शटर खाली ओढून ती वाचणार आणि वस्तू जुळली तरच शटर वर करणार. चार दिवस बरं चाललं. मग वाकड्यातिकड्या अक्षरांचा कागद आला की आपण तो दोनदा वाचतो, हे त्यांच्या ध्यानात आलं.

त्यांनी फाटकावरच्या सिक्युरिटीवाल्या दादांना गाठलं आणि सगळ्यांचे कागद तुम्हीच लिहा म्हणून सांगितलं. दादांनी आधी हात झटकले. आपल्याला फाटकासाठी ठेवलंय, कारकुनीसाठी नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांची खुर्ची जिन्यापाशी, पंख्याखाली हलवायची या अटीवर ते तयार झाले. मॅनेजरांनीही हरकत घेतली नाही. लोक मात्र कुरकुरले. बंद शटरशी काय बोलायचं, असं एका ओळखीच्या डॉक्टरांनी सुनावलं. बाईंनी त्यांचाही कागद दादांकडूनच लिहून घेतला.

पुढच्या सहा महिन्यांची सरासरी आठ मिनिटं आली आणि सगळ्यात जास्त वेळ चौदा मिनिटं. मॅनेजरांनी शाबासकी दिली. या वेळी बाईंनीच मास्तरांना व्यवसायाप्रमाणे गट पाडायला सांगितले. फरक उरलाच होता, दोन मिनिटांचा.

"हा कुठून येतो?" बाईंनी विचारलं.

"ते मला आकड्यांवरून नाही सांगता येणार," मास्तर म्हणाले. "शटर वर केल्यावर तू काय करतेस, ते तूच बघ."

बाईंनी बघितलं. तिसऱ्या दिवशी सापडलं. काहींचं ओळखपत्र त्या नुसतं पाहून परत करत. काहींचं उलटून मागची बाजूही वाचत. मागे फक्त पत्ता असे, आणि पत्त्याचं त्यांना काही काम नव्हतं. हात आपोआप वळत होता.

त्या दिवसापासून त्यांनी कुणाचंच ओळखपत्र हातात घेतलं नाही. काचेला टेकवून धरा, म्हणायच्या. पुढच्या वेळी फरक एका मिनिटापेक्षा कमी निघाला. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, मास्तर म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला. तो खरंच योगायोग आहे का, हे बघायला बाईंनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.