चंद्रभानच्या हातचे ट्रान्झिस्टर

संघपाल गजभियेला घाई केलेली खपत नाही. सक्करदऱ्यातल्या त्याच्या दुकानात कुणी म्हणालं, "भाऊ, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल ना?" की तो अ‍ॅम्प्लिफायर उचलून सरळ त्याच्या हातात परत देतो. तोंडाचा फटकळ, पण हात असा की चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची जपानी यंत्रं घेऊन लोक पार मौद्याहून त्याच्याकडे येतात. वय बासष्ट. बायको प्रमोदिनी म्हणते, लग्नाआधी मले पाहायला आला तेव्हा चहा पिऊन दहा मिनिटांत उठला, आणि एकेका ट्रान्झिस्टरले आठ आठ दिवस पाहत बसते.

आता यात एवढं पाहायचं काय, ते सांगितलं पाहिजे. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधले मूळ ट्रान्झिस्टर, म्हणजे आवाजाला ताकद देणारे छोटे भाग, कंपन्यांनी कधीच बंद केले. बदली शोधावा लागतो. नवशिके यादी उघडतात, व्होल्ट जुळले, अँपिअर जुळले, लाव म्हणतात. अशा लोकांची संघपालला मनापासून चीड आहे. तो पाहतो की हा गडी किती गरमी सोसेल आणि किती चपळ आहे, कारण जुन्या सर्किटमध्ये फार चपळ टाकला तर ते आपलं आपणच शिट्टी मारायला लागतं. मग जोडीतले दोघं सारखे आहेत का ते मीटरवर बघतो. आणि शेवटी त्याचा स्वतःचा एक रिवाज. चार लागत असतील तर पाच घ्यायचे आणि पाचव्याचं धातूचं टोपण करवतीने कापून काढायचं. बाजारात हलक्या मालावरचा नंबर घासून वर भारी नंबर छापतात, बाहेरून कुणाच्या बापाला ओळखू येत नाही. उघडलं की आतली चिप असलीसारखी करंगळीच्या नखाएवढी आहे की नकलीसारखी तिळाएवढी ते दिसतं. त्या पाचव्याला तो 'बळीचा' म्हणतो.

फक्त एका माणसाच्या मालातून त्याने कधी बळी घेतला नाही. तो माणूस म्हणजे सीताबर्डीवरचा सुट्या भागांचा दुकानदार चंद्रभान.

तीस वर्षांपूर्वी संघपाल सामान घ्यायला बर्डीवर जायचा तेव्हा काही दुकानदार आधी आडनाव विचारायचे. ऐकलं की वस्तू हातात न देता काउंटरवरून सरकवायचे. चंद्रभानने पहिल्याच दिवशी काउंटरची फळी वर उचलली आणि म्हणाला, "अंदर ये गा. तुले पाहिजे ते तूच काढून घे." त्या दिवसापासून संघपाल त्याच्या दुकानात आतूनच सामान काढायचा. दीक्षाभूमीच्या सोहळ्याच्या दिवशी चंद्रभान दरवर्षी त्याच्या घरी जेवायला, आणि प्रमोदिनीकडे हक्काने वांग्याची भाजी मागून घेणार. अशा माणसाच्या मालाला करवत लावायची म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं झालं असतं, असं संघपालला वाटायचं.

यंदा मार्चमध्ये मनीषनगरच्या वंदनाताई वडिलांचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आल्या. वडील भैय्याजी शहाऐंशी वर्षांचे, डोळे पार गेलेले. सकाळी दोन तास रेकॉर्डी ऐकायच्या, एवढाच काय तो त्यांचा दिवस. स्पीकर त्यांनी तरुणपणी स्वतः जुळवलेले, आणि त्यातले आवाज काढणारे कागदी कोन आता कुठे मिळत नाहीत. त्यांनी फोनवर एकच विचारलं, "स्पीकरले काही होणार नाही ना?"

"मी बसलो आहो ना जी. काही होऊ देत नाही," संघपाल बोलून गेला.

चार ट्रान्झिस्टर उडाले होते. त्याने आठवडाभर वहीत डोकं घातलं, तीन नंबर बाद केले, चौथा पक्का केला आणि चंद्रभानला फोन लावला. "आहेत. खास तुह्यासाठीच ठेवले," चंद्रभान म्हणाला. संघपाल मोजून चारच घेऊन आला. जोड्या मीटरवर छान जुळल्या. दोन दिवस दुकानात वाजवून पाहिलं, तेही हळू आवाजात, कारण शेजारी दवाखाना.

यंत्र घरी पोचल्यावर पाचव्या सकाळी भैय्याजींनी आवाज थोडा वाढवला आणि दोन ट्रान्झिस्टर एका झटक्यात आडवे झाले. वीज सरळ उजव्या स्पीकरमध्ये घुसली. जळका वास आला म्हणून वंदनाताई स्वयंपाकघरातून धावत आल्या, तर भैय्याजी कोनाला पडलेलं भोक बोटांनी चाचपत होते.

वंदनाताईंचा फोन आला तसा संघपाल त्यांच्या घरी गेला आणि आधी त्याने स्वतःलाच आरोपी धरलं. सोल्डरिंगचे डाग तपासले, सर्किट तपासलं, गरमी वाहून नेणारा पत्रा उलटापालटा केला. चूक सापडेना. दुपारी ते चार ट्रान्झिस्टर काढून त्याने दुकानात आणले, करवत हातात घेतली आणि चारही उघडले. चारही तीळ.

रुमालात बांधून तो तसाच बर्डीवर गेला. चंद्रभानने सवयीने फळी उचलली. संघपाल बाहेरच उभा राहिला आणि रुमाल काउंटरवर सोडला.

चंद्रभानने एक नजर टाकली. नाकबूल काही गेला नाही. "माल असाच येऊन राहिला आजकाल."

"सगळ्यांलेच असा देते का?"

"नाही गा. असली आठ होते. ते एका पुण्याच्या गिऱ्हाइकाले पाठवले."

"त्याले असली आन् मले हे? काहून?"

चंद्रभान पुठ्ठ्याच्या खोक्यात हात घालून उगाच काहीतरी शोधत राहिला. "तो उघडून पाहते. नकली निघाला तर वापस पाठवते, चारचौघांत बोंबलते. तू थोडीच उघडून पाहतो."

"कधीपासून चालू आहे हे?"

"झाले असतील तीन-चार वर्षं. तू घरचा माणूस, मले वाटलं तू समजून घेशील."

संघपालला त्याची कॉलर धरावीशी वाटली. पण त्याने पाठ फिरवली. स्कूटर ढकलत तो चौकापर्यंत आला आणि साठी उलटलेला हा खमका माणूस भर बाजारात रडला. स्पीकरसाठी रडला असता तर समजलं असतं. आपण ज्याला मान समजून तीस वर्षं जपलं, तीच त्या हलकटाची सोय होती, याची आग त्याला सोसेना. चार वर्षांत किती लोकांच्या यंत्रांत आपण हे तीळ बसवले, याचा हिशेब तर डोक्यात घ्यायचीही भीती वाटत होती.

तिथून तो पुन्हा मनीषनगरला गेला. भैय्याजी बंद अ‍ॅम्प्लिफायरसमोर आपल्या जागेवर बसले होते. संघपालने त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं, फक्त नाव घेतलं नाही.

भैय्याजींनी हात पुढे करून स्पीकरचं भोक पुन्हा चाचपलं. मग म्हणाले, "तुम्ही म्हणे एक कापून पाहता नेहमी. यावेळी काहून नाही पाहिला? देणारा ओळखीचा होता का?"

"होता जी," संघपाल म्हणाला. "म्हणून तर नाही पाहिला. आन् त्याले ते मालूम होतं."