बारा वीत लांब, आठ वीत रुंद

त्या सुतार मिस्त्रींना सगळे दोनसूत म्हणत. खरं नाव कागदपत्रांवर असेल तिथे असो, कामावर त्या नावाने त्यांना कुणी कधी हाक मारली नाही. इंचाचे आठ भाग केले की एका भागाला सुतार लोक सूत म्हणतात. एका घरी लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि मिस्त्रींनी बसवलेलं दार चौकटीत दोन सूत तिरकं गेलं होतं. कुणाच्या बापालाही दिसलं नसतं. घरधनी हात जोडून सांगत होता, मिस्त्री, राहू द्या, पाहुणे यायचेत. मिस्त्रींनी दार उखडलं, चौकट सोडवली आणि सगळं पुन्हा उभं केलं. "दोन सुतांपायी माझा जीव घेतलात की हो!" घरधनी ओरडला, आणि ते नाव कायमचं चिकटलं. दुसरा एखादा चिडला असता. हे गृहस्थ ते पदकासारखं मिरवत.

चाळीस वर्षं त्यांनी दारं केली. दार उभं केलं की पहिला स्क्रू आतल्या कडीचा, बाकी सगळं मागून. हे त्यांच्या वस्तादाने शिकवलं होतं. वस्ताद म्हणायचा, "अरे, बाहेरची कडी चोरासाठी, आतली माणसासाठी. आधी माणसाचं बघ." हाताला ते इतकं बसलं होतं की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, जिने चढवेनात, तेव्हा ते एका जुन्या गोदामात सिनेमावाल्यांसाठी भिंती उभ्या करायला लागले. खोट्या भिंती, खोटी दारं, पण माप खरं. त्यात तडजोड नाही.

फक्त एका ठिकाणी त्यांची डाळ शिजत नसे, ते म्हणजे घर. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बायकोने फळी मागितली होती. "तीन वीत लांब हवी," ती म्हणाली. यांनी ऐटीत तीन वीत फळी करून आणली. डब्यांसाठी कोनाडा होता तिथे ती शिरेचना. मिस्त्री म्हणाले, "तीन वीत म्हणालीस, तीन वीत केली." बायकोने स्वतःचा चिमुकला पंजा त्यांच्या फावड्याएवढ्या पंजाशेजारी ठेवला आणि विचारलं, "कुणाच्या वितीने?" तेव्हापासून मिस्त्रींनी कुठलीही फुशारकी मारली की ती एवढंच म्हणते. 

तर त्या गोदामात एका वैमानिकावर माहितीपट करायचं ठरलं. बावन्न वर्षांपूर्वीच्या युद्धात त्याचं विमान पडलं, शत्रूने धरला, चौदा महिने एका कोठडीत एकटा ठेवला, आणि तरी माणूस जिवंत परत आला. आता ते साहेब ऐंशी ओलांडलेले. ते स्वतः कोठडीत बसून सगळं सांगणार आणि कॅमेरा ते टिपणार, असा बेत होता. कोठडी करायची मिस्त्रींनी. कागद सांभाळणारी एक चुणचुणीत मुलगी होती, तिला सगळे फाईलवाली म्हणत. तिने साहेबांच्या मुलाखतीतून मापं काढून दिली होती: नऊ फूट लांब, सहा फूट रुंद. मिस्त्रींनी चार दिवसांत ती उभी केली. रंगाऱ्याने ओल आलेल्या भिंतीचा रंग असा काही दिला की बघणाऱ्याला शिंक यावी.

साहेब आपल्या मुलीबरोबर आले. बुटका माणूस, पण पाठ अशी ताठ की मिस्त्रींना वाटलं, ओळंबा लावून बघावा. ते कोठडीत शिरले, मधोमध उभे राहिले, डोळे मिटले आणि दोन्ही हात दोन्हीकडे पसरले. हात हवेतच राहिले.

त्यांनी डोळे उघडले. डावीकडे सरकून भिंतीला हात लावला. मग उजवीकडे सरकून. मग म्हणाले, "ही नाही."

"सर, मापं तर तुमचीच आहेत," दिग्दर्शक म्हणाला. फाईलवालीने वाचून दाखवलं, "लांबी बारा वीत, रुंदी आठ वीत."

"बरोबर. बारा आणि आठ."

"मग हीच ना, सर."

"पण माझे हात पोचायचे," साहेब म्हणाले. "रोज दोन्ही भिंती दोन्ही हातांनी दाबायचो. शंभर वेळा. कोपरं नीट सरळसुद्धा व्हायची नाहीत."

 साहेबांची मुलगी दिग्दर्शकाला बाजूला घेऊन हळूच म्हणाली की बाबा हल्ली चष्मा फ्रिजमध्ये ठेवतात. दिवेवाल्यांपैकी एक पुटपुटला, "साठी बुद्धी नाठी, हे तर ऐंशीचे." दिग्दर्शकाने डोकं खाजवलं आणि फाईलवालीला सांगितलं की परवा नट बोलावून घेऊ, सरांचं बोलणं कमी करू, आणि जे वापरू ते नीट तपासून घेऊ. इतक्या वर्षांनी माणसाला काय काय आठवतं! तो हळू बोलत होता, पण गोदामाच्या पत्र्याखाली हळू असं काही नसतंच.

साहेब मिस्त्रींकडे वळले. "मिस्त्री, तुमच्या मापात कुठे चूक नाही ना झाली?"

झालं! नाकावर माशी बसू न देणारा माणूस. "माझ्या मापात? साहेब, या गावात दुसऱ्या कुणालाही विचारा!" टेप खर्रकन ओढली. नऊ फूट. सहा फूट. सूतभर इकडे नाही, सूतभर तिकडे नाही. "बघा. डोळ्यांनी बघा."

साहेबांनी बघितलं. ताठ पाठ थोडी वाकली. "मग मीच," ते म्हणाले, आणि तिथल्याच एका खोक्यावर बसले. मिस्त्री टेप गुंडाळत होते, म्हणून पुढचं त्यांना एकट्यालाच ऐकू आलं. "तिथे कागद नव्हता, मिस्त्री. सगळं डोक्यात ठेवलं. पलीकडच्या कोठडीतले दोघं परत आले नाहीत. भिंतीवर टकटक करून जे काही सांगायचे ते फक्त माझ्याकडे आहे. त्यांच्या घरी मी तेच जाऊन सांगितलंय. आता खोलीच चुकली म्हटल्यावर त्या दोघांचंही काय खरं?"

मिस्त्रींना आयुष्यात पहिल्यांदा आपण बरोबर असल्याचं वाईट वाटलं. टेप खोटं बोलत नाही. मग हा माणूस खोटा पडतो. आणि तो खोटा बोलत नव्हता, हे लाकूड ठोकून आतला किडा ओळखणाऱ्या मिस्त्रींना स्वच्छ कळत होतं.

दुपारी घरी जेवायला बसले ते भांडणाच्या तयारीनेच. बायकोने विचारलं, "आज काय बिनसलं?"

"काय बिनसायचंय? म्हातारा म्हणतो, बारा वीत लांब आणि आठ वीत रुंद. नऊ इंचाची वीत. बारा नव्वे एकशे आठ, म्हणजे नऊ फूट. शाळेतलं पोर सांगेल. आणि वर माझ्या मापाला नाव ठेवतो! आणि एवढं करून मलाच त्याची दया येते!"

बायकोने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि नेहमीच्याच सुरात म्हणाली, "कुणाच्या वितीने?"

मिस्त्रींचा घास हातातच राहिला.

"अहो, काय झालं?"

"तू बाई नाहीस," मिस्त्री उठत म्हणाले, "तू वस्ताद आहेस."

"आणि ताट? अन्न टाकून उठताय?"

"झाकून ठेव!"

साहेब मुलीच्या घरी उतरले होते. मिस्त्री तिथे पोचले ते काखेत फळी मारून. मुलीने दार उघडलं तर हे धापा टाकत उभे. "साहेबांचा हात हवाय," एवढंच म्हणाले.

साहेब खिडकीशी बसले होते, कप चार बोटांत धरून. सकाळी हे आपल्याला दिसलं कसं नाही म्हणून मिस्त्रींनी स्वतःलाच एक शिवी हासडली. अंगठा बाहेर उघडतच नव्हता, आत वळलेला होता. "साहेब, कोठडी कुठल्या हाताने मोजलीत?"

"याच. डावा गळ्यात बांधलेला होता, खांदा निखळला होता ना. पहिले तीन महिने उजवाच."

"आणि हा अंगठा?"

"विमानातून बाहेर पडताना गेला. मग जसा जुळला तसा जुळला." साहेब हसले. "सवय झाली हो. आपलाच हात, त्याला काय बघायचं?"

मिस्त्रींनी फळी टेबलावर ठेवली. "पसरा." साहेबांनी पंजा पसरला, जेवढा पसरत होता तेवढा. मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढून दोन खुणा केल्या, टेप लावली आणि ती फळी मुलीच्या डोळ्यांसमोर धरली. सात इंच.

"ताई, नऊ इंच ही फाईलवालीची वीत. तुमच्या बाबांची वीत सात इंच. बारा साते चौऱ्याऐंशी, सात फूट लांब. आठ साते छप्पन्न, चार फूट आठ इंच रुंद. तुमचे बाबा बावन्न वर्षांत एक वीतसुद्धा चुकलेले नाहीत. चष्मा फ्रिजमध्ये ठेवू देत नाहीतर चुलीत ठेवू देत!"

मुलीने ती फळी हातात घेतली. दोन खुणांवरून बोट फिरवलं आणि बाबांच्या खुर्चीशी खाली बसून रडायला लागली. साहेब तिच्या डोक्यावर तोच हात ठेवून खिडकीबाहेर बघत राहिले. मिस्त्रींना तिथे काय करावं कळेना, म्हणून ते खुर्चीचा हलणारा पाय तपासत बसले.

नवी कोठडी म्हटल्यावर दिग्दर्शकाने आधी हात वर केले. एवढ्याशा खोलीत कॅमेरा कुठे ठेवायचा? "भिंतीतली एक फळी निघेल अशी करतो, तिथून बघा," मिस्त्री म्हणाले. वेळ किती? "उद्याचा दिवस." एकटे करणार? "माझी वीत मोठी आहे, काळजी करू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत मिस्त्री कापत, ठोकत, जोडत राहिले. गुडघे ओरडत होते, पण त्यांच्याकडे लक्ष कोण देतंय! बाहेरून फाईलवालीने दिलेल्या चित्रात होता तसा जाडजूड अडसर बसवला. शेवटी टेप लावून सगळं तपासलं. सूतभरही फरक नव्हता.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. आत शिरले, मधोमध उभे राहिले, डोळे मिटून हात पसरले. दोन्ही तळवे दोन्ही भिंतींवर टेकले, कोपरं वाकलेलीच राहिली. साहेबांच्या तोंडून श्वास सुटला. "हीच," ते म्हणाले. "हीच ती हरामखोर."

फाईलवालीने डोळे पुसले. दिवेवाला, तोच साठी-नाठीवाला, जमिनीकडे बघायला लागला. दिग्दर्शक हलक्या आवाजात म्हणाला, "दार लावा." मिस्त्री अडसराकडे सरकले. त्यांचा हात पोचायच्या आत दार आतून ओढलं गेलं आणि आवाज आला. खट्.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "आतून लावली?" दिग्दर्शक कुजबुजला. "कोठडीला आतून कडी कुठून आली?"

मिस्त्रींनी जीभ चावली. पहिला स्क्रू! धांदलीत डोकं मापात होतं आणि हाताने चाळीस वर्षांचं काम करून ठेवलं होतं. आधी माणसाचं बघ! दोनसूत मिस्त्रींनी कैद्याच्या कोठडीला आतून कडी लावली होती. त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

मुलीने दार वाजवलं. "बाबा, उघडा."

"थांब गं," आतून आवाज आला, चांगला खणखणीत. "उघडतो. मला उघडायचं तेव्हा उघडतो."

निघालेल्या फळीच्या जागेतून कॅमेरा चालूच होता. साहेब दोन्ही भिंती दाबत होते आणि मोजत होते. शंभरपर्यंत मोजलं. मग त्यांनी खाली बसून त्या दोघांचं सगळं सांगितलं, टकटक कशी यायची ते भिंतीवर वाजवून दाखवलं, एका दमात. कुणी थांबवलं नाही, कुणी तपासलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी कपडे झटकले, कडी काढली आणि बाहेर आले.

"मिस्त्री, ही कडी मुद्दाम लावलीत?"

खोटं बोलायला छान संधी होती. "नाही साहेब. चूक झाली. सवयीने."

साहेबांनी सात इंची पंजा मिस्त्रींच्या खांद्यावर ठेवला. "चौदा महिने मी एवढंच मागत होतो हो."

पुढे दिग्दर्शक म्हणाला की कडी काढून ती दृश्यं परत घेऊ, लोक हसतील. मिस्त्रींनी पेचकस खिशात घातला आणि सरळ सांगितलं, "ती निघायची नाही." दोन सुतांसाठी लग्नघरचं दार उखडणारा माणूस! साहेबांनी मान डोलावली, आणि कडी राहिली.

माहितीपट दाखवला तेव्हा मिस्त्री बायकोला घेऊन गेले होते. मागच्या रांगेतला एक सुतार शेजाऱ्याला म्हणाला, "अरे, कोठडीला आतून कडी! कुठल्या गाढवाचं काम आहे हे?"

मिस्त्री उभे राहिले, मागे वळले आणि भर अंधारात छातीवर हात ठेवून म्हणाले, "माझं."