लुगड्यासकट

माझ्या सासूला, सोजराबाईंना, देवाने बाई केलं ते चुकून. मासोळीच करायची होती. जानेफळच्या आमच्या शेतात सकाळची कामं उरकली, की ही साठीची बाई नेसत्या लुगड्याचा कासोटा घट्ट खोचून विहिरीत उडी घ्यायची. पोहायचे कपडे वेगळे असतात हे मी एकदा सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, एका उडीत बाईही धुतली जाते आणि लुगडंही, मग वेगळे कशाला? दुसरबीडला, त्यांच्या माहेरी, चुलत्याने पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांना लहानपणी विहिरीत ढकललं होतं. तेव्हापासून पाण्याचं भय म्हणून नाही.

माझ्या वाट्याचं आणि त्यांच्या वाट्याचं, दोन्ही भय माझ्याकडे आलं. मला पाणी बादलीतलंच बरं. मी काठावर बसून राहायची आणि त्यांचं डोकं वर आलं की श्वास घ्यायची. त्या मुद्दाम बुडी लांबवायच्या. मला रडू यायचं, रागही यायचा. सोजराबाईची सून विहीर राखते, असं बाया हसून म्हणायच्या. म्हणोत.

भीती नुसत्या पाण्याची नव्हती. विहिरीत मोटर सोडलेली, तिच्या वायरीला जोड, जोडावर काळी चिकटपट्टी. मोटर चालू असताना पाइपाला हात लागला तर झिणझिण्या यायच्या. माझे सासरे गुलाबराव दर बाजाराला नवी वायर आणायचं ठरवायचे आणि भाजी घेऊन परत यायचे. म्हणून सोजराबाईंनीच नियम केला होता, की स्टार्टर बंद केल्याशिवाय कोणी पाण्यात उतरायचं नाही.

एप्रिलातल्या एका दुपारी लाइट गेली. संत्र्याच्या बागेला पाणी चालू होतं, ते अर्धवट राहिलं. लाइट येईतोवर एक बुडी मारते म्हणाल्या आणि गेल्याही. लुगडं हवेने फुगलं, त्या विहिरीच्या मधोमध तरंगायला लागल्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आत्याबाई, स्टार्टर बंद केला ना?"

"मीच त ऑटोवर टाकला सकाळी," त्या हसत म्हणाल्या. "लाइट आली का मोटर आपोआप चालू होते. घडीघडी कोण जाते..."

तिथे त्यांचं हसू थांबलं. आमच्याकडे सगळेच असं करतात. लाइटीचा भरवसा नाही, मग स्टार्टर ऑटोवर टाकायचा आणि निर्धास्त व्हायचं. पायऱ्या पलीकडच्या अंगाला होत्या आणि लुगडं भिजून जड झालं होतं.

"पय, अर्पिता," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, म्हणून मी जास्तच घाबरले.

स्टार्टरची पेटी बागेच्या टोकाला, शेडमध्ये. पळताना चप्पल कुठे निघाली कळलं नाही. आता लाइट येईल, आता येईल, एवढंच डोक्यात. नवस बोलावा तर देवाचं नाव आठवेना. पेटीची कडी गंजलेली, तिच्यात माझं नख तुटलं. मोटरचा मेन स्विच खाली ओढून बंद केला आणि डोक्यावरचा बल्ब लागला.

आधी लाइट आली की आधी मी स्विच ओढला? मोटर घरघरली होती की माझेच कान? काही कळत नव्हतं. मी फ्यूज उपसले आणि मुठीत धरून परत पळाले.

विहीर जवळ आली. हाक मारायचीच भीती वाटत होती. शेवटी मारली. मी वाकून पाहिलं. सोजराबाई पाण्यालगतच्या पायरीवर पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या, लुगड्यातून पाणी गळत होतं. जिवंत होत्या. मी तिथेच बसून मोठ्याने रडले. त्या मात्र पाण्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी गुलाबरावांनी भाजी न आणता वायर आणली. जोड गेला, झिणझिण्या गेल्या, पण सोजराबाई काही पाण्यात उतरेनात. काठावर बसायच्या. गुडघे दुखतात म्हणायच्या. आदल्या आठवड्यापर्यंत ते गुडघे उड्या मारत होते. इतकी वर्षं मला हेच हवं होतं, आणि आता ते मला बघवत नव्हतं.

मग एका दुपारी मी स्टार्टर बंद केला, फ्यूज काढून आणले आणि त्यांच्यासमोर काठावर ठेवले. साडी खोचली आणि पायऱ्या उतरायला लागले. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं. साडी भोवती फुगली. एका हाताने दगड धरून ठेवला होता.

"आत्याबाई, मले पोहता येत नाही," मी म्हटलं. "खाली या बरं."

त्यांनी फ्यूज बोटाने मोजून पाहिले. मग कासोटा खोचला आणि एकेक पायरी चाचपत खाली आल्या. पाण्यात त्यांनी एका हाताने माझा हात धरला आणि दुसऱ्याने तोच दगड, माझ्यापेक्षाही घट्ट.