पापडावर मोजलेला प्रकाशाचा वेग

माझ्या पिल्लांनो, हे आत्ताच लिहून ठेवते, कारण तुमचे आजोबा ही गोष्ट सगळ्यांना सांगत सुटले आहेत आणि दर वेळी ती थोडी बदलते.

त्या रविवारी फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, प्रकाश किती जोरात धावतो?" मी इंग्रजी शाळेत शिकलेली. सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, हे मी झोपेतही सांगेन.

"तू मोजलंस?"

मी पुस्तकाचं नाव सांगू लागले.

"म्हणजे नुसतं पाठ!" तिकडून थोरला खो खो हसला.

मला ते लागलं. फिरत्या थाळीच्या मायक्रोवेव्हमध्ये हे घरीच मोजता येतं, असं मी वाचलं होतं. तसा आमच्याकडे होता, पण नवीन आला होता आणि दुकानाचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी जुना न्यायला येणार होता. नव्यात थाळीच नाही; त्यात लाटाच फिरवतात, म्हणून हा प्रयोग जमत नाही. म्हणजे त्याआधी झालं तर झालं.

मायक्रोवेव्हमधल्या लाटा म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाशच. थाळी फिरली नाही, तर त्या ठरावीक जागीच पदार्थ जास्त तापवतात. त्या जागा उमटायला मी उडदाचा पापड निवडला. माझ्या जाऊबाईंनी धुळ्याहून आणलेल्या मोठ्या पापडांतले दोनच उरले होते. त्या इथल्याच, सुरतेतल्या पांडेसऱ्याहून सोमवारी सकाळीच आमच्याकडे आल्या होत्या.

फिरतं चाक काढून मी काचेची थाळी उपडी ठेवली, वर पापड. थोड्याच वेळात पांढरे फोड उठू लागले. मी पट्टी शोधायला वळले, तेवढ्यात जाऊबाईंनी दार उघडून पापड उलटा केला आणि फडक्याने दाबलाही.

"अहो, हे काय केलंत!"

"ओ माय, जळी जाई ना ताई! पापड कोणी एका अंगावर भाजतं का?"

पुन्हा चालू केल्यावर सगळा पापड सारखा फुलला. उत्तम भाजला होता. आजोबांनी तो खाऊनही टाकला.

उरला एक. या वेळी मी जाऊबाईंच्या दोन्ही हातांत गरम चहाची कपबशी दिली. "ही खाली ठेवायची नाही." त्या फोडांकडे बघत तळमळत होत्या, पण बशी सोडली नाही. ठिपके उमटताच मी बटण बंद केलं.

शेजारच्या दोन फोडांच्या मध्यबिंदूंमध्ये सहा सेंटिमीटर अंतर भरलं. मायक्रोवेव्हच्या मागच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं की लाटा सेकंदाला दोनशे पंचेचाळीस कोटी वेळा हलतात. लाटेची लांबी गुणिले हा आकडा म्हणजे वेग. आजोबांनी सहाने गुणाकार केला. "एक लाख सत्तेचाळीस हजार किलोमीटर! सुरतेच्या ट्रॅफिकमध्ये अडकला वाटतं."

"दुप्पट करा," मी म्हटलं. लाट वर जाते तिथेही तापतं आणि खाली जाते तिथेही. म्हणून दोन फोडांमध्ये अर्धीच लाट असते.

दोन लाख चौऱ्याण्णव हजार! जाऊबाईंनी टाळी वाजवायला अखेर बशी खाली ठेवली.

मी लगेच व्हिडिओ फोन लावला. तिकडे परदेशात अजून उजाडायचं होतं. धाकटी डोळे चोळत म्हणाली, "मग राहिलेले सहा हजार किलोमीटर कुठे गेले?"

"माझ्या चष्म्यात. पण मोजलं मी."

"हो आजी, मोजलंस."

माणूस आला, जुना मायक्रोवेव्ह घेऊन गेला. पापड मात्र मी कोणाला खाऊ दिला नाही. तो स्टीलच्या डब्यात आहे, आणि फोड अजून दिसतात.