तारेचं मशीन आपल्या लाइनवर चालत नाही

जानेवारीतला रविवार. सकाळची मिस्सा आणि नाश्ता आटोपल्यावर. जागा: वसईतल्या गास गावी आमच्या घराचा ओटा. हजर: माझ्या सासूबाई, ज्यांना घरात सगळे मम्मी म्हणतात, माझा नवरा आग्नेल, धाकटा दीर विल्सन, आणि मी. विषय: गाडीच्या गंजासाठी पहिलं वेल्डिंग मशीन कोणतं घ्यायचं.

अशीच सुरुवात करायची मला सवय आहे. शाळेच्या ऑफिसात आयुष्यभर सभांची इतिवृत्तं लिहिली. पण त्या सकाळी ओट्यावर मी जे केलं ते कुठे लिहिलं नाही, कुणाला सांगितलंही नाही. आग्नेलला नाही. देवळात पापनिवेदनाला गुडघे टेकले तेव्हाही नाही — तिथे मी रागावले, कुणाबद्दल वाईट बोलले, असलं काहीबाही सांगून उठते. या गोष्टीला सहा वर्षं झाली. तुम्हाला का सांगतेय? खरं तर मलाच बघायचं आहे, ती सांगताना कशी दिसते.

गाडी म्हणजे सासऱ्यांची पद्मिनी. ते गेल्यापासून शेडमध्ये उभी. आमच्याकडची हवा खारी. लोखंडाला ती आतून खाते, वरून रंग चकचकीत ठेवून. ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी चटई उचलली की पत्र्याला पापुद्रे सुटलेले दिसायचे, आणि दोन-तीन ठिकाणी चक्क खालची माती.

विल्सन आदल्याच वर्षी आखातातून परत आला होता. तिथे गॅरेजमध्ये गाड्यांचे पत्रे जोडायचं काम करायचा. ते गॅरेज बंद झालं. दिवसभर आमच्या केळीच्या वाडीत नुसता फिरायचा. कुणी हाक मारली की दचकायचा. मग एक दिवस त्याने गाडीवरची ताडपत्री काढली, आणि जेवताना बोलायला लागला. पप्पांची गाडी आपणच करू. ती झाली की शेडमध्येच छोटं काम सुरू करू — वसईत जुन्या गाड्या सांभाळणारे किती जण आहेत! फक्त एक मशीन पाहिजे. त्या दिवशी त्याने भात दोनदा मागून घेतला. मम्मी त्याच्या ताटाकडेच बघत होत्या.

चौकशीचं काम माझ्याकडे आलं. आमच्या घरात ते माझ्याकडेच येतं. गॅस एजन्सी, विमा, डॉक्टर — मी जाते, विचारते, येऊन सांगते, आणि मी सांगितलेलं कुणी तपासत नाही.

गोखिवऱ्याला एका दुकानात गेले. दुकानदार बोलका होता.

"मॅडम, काम कोण करणार?"

"माझा दीर. त्याला येतं."

"मग विचार कसला करताय? तारवालं न्या. पातळ पत्र्याला तेच. बंदुकीसारखं धरायचं, खटका दाबला की तार बाहेर येते. गॅसचा सिलिंडर नको असेल तर बिनगॅसची तारपण आहे, वाऱ्यात चालते. आणि घरच्या मोठ्या सॉकेटवर आरामात."

"आणि ते रॉडचं?"

"ते गेट, ग्रिल, जाड काम. गाडीच्या पत्र्याला लावलंत तर चाळण होईल चाळण! पीठ चाळायला घ्या मग."

इथेच निघायचं होतं. सगळं कळलं होतं. पण मी विचारलं — मी करून बघू का? त्याने हसून माझ्या तोंडावर मुखवटा चढवला, हातात रॉडचा चिमटा दिला, समोर एक जाड पट्टी ठेवली.

आधी काळोख. मग रॉड टेकला, आणि त्या काळोखात एक हिरवट ठिणगी पेटून राहिली. तिच्या पोटात लोखंडाचा थेंब होता. पाण्यासारखा. थरथरणारा. माझा हात जिकडे जाईल तिकडे मागून येणारा. लोखंड असं असतं? आयुष्यभर मी त्याच्या कड्या लावल्या, कुलपं लावली, त्याचे तवे चुलीवर ठेवले, उतरवले — आणि ते आतून असं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं?

मुखवटा काढला तेव्हा मी चौकशीला आलेली बाई राहिले नव्हते.

आता नीट सांगते, कारण इथे मी स्वतःशीही बरीच वर्षं घसरत आले. तारेचं मशीन घरात आलं असतं तर ते विल्सनचं झालं असतं. शेड त्याची. मी चहा घेऊन जाणारी वहिनी. रॉडचं काम मात्र त्याने कधी फारसं केलेलं नव्हतं. "रॉडवर माझा हात बसत नाही," असं तो स्वतःच म्हणाला होता. रॉडचं मशीन आलं तर ते कुणाचंच नव्हतं — म्हणजे माझं होऊ शकत होतं. स्कूटरवरून घरी येईपर्यंत वाक्य तयार झालं होतं. किती सहज तयार झालं, याचं मला आजही नवल वाटतं.

ओट्यावर मी म्हणाले, "तारेचं मशीन आपल्या लाइनवर चालत नाही. दुकानदारानेच सांगितलं. सारखं ट्रिप होईल."

विल्सन पुढे सरकला. "वहिनी, छोटं तर चालतं ना? तिकडे आम्ही —"

"तिकडची लाइन वेगळी, विल्सन."

मम्मी म्हणाल्या, "एका गाडीसाठी एवढी बैठक? तुमचं लग्न मी उभ्या उभ्या ठरवलं होतं."

"त्याचं फळ मी रोज भोगतोय, मम्मी," आग्नेल म्हणाला. सगळे हसले. विल्सनही हसला, जरा उशिरा.

मग मी बाकीचं सांगितलं. रॉडचं मशीन गेटला उपयोगी, विहिरीच्या जाळीला, केळीच्या हातगाडीला. यातलं एकही खोटं नव्हतं. ते पहिलं वाक्य या खऱ्या वाक्यांच्या गर्दीत मिसळून गेलं, आणि कुणाला वेगळं दिसलं नाही.

"ठीक आहे, वहिनी," विल्सन म्हणाला. "तुला जास्त माहिती."

तो हे कसं म्हणाला, ते आठवायचा मी खूप प्रयत्न केला आहे. टोमणा होता का? की त्याचा खरंच विश्वास होता? यातलं कोणतं मला परवडलं असतं?

मशीन आलं. मी शिकले. गेटची बिजागरी जोडली, हातगाडीचा दांडा जोडला. मला आनंद झाला — तो लपवला तर ही कबुली अर्धी राहील. खूप आनंद झाला. विल्सन बाजूला उभा राहून बघायचा, कधी पट्टी धरायचा. आणि मग एका दुपारी, तो बाजारात गेलेला असताना, मी गाडीला हात लावला.

पहिल्याच टेकणीला भोक पडलं. ते बुजवायला गेले तर त्याच्या शेजारी दुसरं. दोन्ही मिळून एक झालं. मी थांबले का? नाही. प्रत्येक वेळी वाटायचं, आता जमेल. शेवटी ड्रायव्हरच्या पायाखाली माझं डोकं जाईल एवढी पोकळी झाली. मी घरात येऊन जाहीर केलं, पत्रा पार कुजला होता, हात लावताच गळून पडला.

विल्सन आला, वाकला. भोकाच्या कडेवरून त्याने बोट फिरवलं. गंजाने खाल्लेली कड फाटक्या कागदासारखी असते. माझी कड गुळगुळीत होती, वितळून थेंब धरलेली.

"गंज असा गोल खात नाही, वहिनी," तो हळूच म्हणाला.

मम्मी दारातून ओरडल्या, "काय झालं रे?"

तो उठला. पँटला हात पुसले. "काही नाही मम्मी. पत्रा राहिलाच नव्हता."

त्याने भोकावर एक फळी टाकली, वर चटई ओढली. मी तिथेच उभी होते. एक शब्द बोलायचा होता. माझं खोटं त्याने स्वतःच्या तोंडाने मम्मींना सांगितलं आणि मी ते सांगू दिलं.

त्यानंतर शेडमधल्या कामाचं बोलणं बंद झालं. ईस्टर झाल्यावर तो नायगावच्या एका टॉवरमध्ये लागला — पंप, लिफ्ट, जनरेटर बघायला. तिथेच जवळ खोली घेतली. त्याचं गॅरेज चाललं असतं का? मला माहीत नाही. कुणालाच कळणार नाही, कारण ते करून बघायची संधी मी काढून घेतली, त्याच्या वाट्याला ठेवली नाही.

या दिवाळीआधी आमच्या ओट्याला जाळी बसवली. कारागीर आला तो तारेचं मशीन घेऊन. आमच्याच स्वयंपाकघरातल्या सॉकेटला त्याने ते लावलं आणि दुपारभर चालवलं. दिवासुद्धा मिणमिणला नाही. विल्सन सुटीवर आला होता.

"अगं, हे चाललं की आपल्याकडे!" मम्मी म्हणाल्या.

"आता नवीन निघाली असतील," आग्नेल म्हणाला.

मी मान हलवली. म्हणजे तेच खोटं, दुसऱ्यांदा. विल्सनने एकदा सॉकेटकडे पाहिलं, मग जाऊन कारागिराला जाळी धरू लागला. तिथूनच म्हणाला, "वहिनी, उघड्या डोळ्यांनी बघू नको. रात्री चुरचुरतील."

त्याला ठाऊक आहे का? तेव्हापासून कळलंय की हा प्रश्न मी सोयीचा म्हणून धरून ठेवला आहे. त्याला ठाऊक असलं काय आणि नसलं काय, मी केलं ते तेवढंच राहतं.

परवा मम्मींनी विषय काढला. शेडची जागा हवी आहे. भंगारवाला गाडी न्यायला तयार आहे. आग्नेल म्हणाला, विल्सनला विचारल्याशिवाय नको. विचारायचं काम माझ्याकडे. काय बोलायचं तेही ठरवलं आहे. तारेचं मशीन चालत होतं. पत्रा मी जाळला. दोन्हींबद्दल मी खोटं बोलले. एवढं सांगून झालं की गाडीचं विचारायचं.

भंगारवाला सोमवारी येणार आहे. विल्सनला फोन करायचा राहिला आहे.