ग्लासगोतला खो

पेशंटला भूल द्यायचं माझं काम आटोपून मी ऑपरेशन थिएटरमधून नुकतीच बाहेर आले होते, तेव्हा आमच्या ग्लासगोच्या हॉस्पिटलातली, फिजिओथेरपीतली ती आइसलँडची बाई वॉर्डावॉर्डातून फुटबॉलसाठी बायका गोळा करत फिरत होती. "शाळेत काय खेळायचीस?" तिने विचारलं. मी म्हटलं, खो-खो. ते काय असतं हे न विचारताच तिने मला डिफेन्समध्ये टाकलं.

नवरा हाडांचा डॉक्टर. तो म्हणाला, "अगं, ऑर्थोवाल्याची बायको लंगडत आली तर मी वॉर्डमध्ये तोंड कसं दाखवू? एक्सरसाइजच हवा असेल तर जिम जॉइन कर ना." असं बोलला म्हणूनच मी त्याच दुपारी बूट आणले.

प्रॅक्टिसनंतर ती मला गाडीने घरी सोडायची. मी हीटरला चिकटून बसायची आणि ही बया काच खाली करून गप्पा मारायची. मासेमारीच्या गावात, खडीच्या मैदानावर भावांबरोबर ती खेळायला शिकली. पडलं की गुडघ्यातले खडे वेचायचे आणि पुन्हा उभं राहायचं. बायकांना मैदान मिळायचं ते पुरुषांचं आटोपल्यावर, आणि जर्सी मिळायच्या त्याही त्यांच्या जुन्या. दिवसभर कारखान्यात मासे साफ करायचे, संध्याकाळी खेळायचं. देशाने बायकांचा पहिला संघ परदेशी पाठवला, त्यात ती होती, आणि ती मॅच झाली याच स्कॉटलंडमध्ये. "हरलो. घरी गेलो तर लोक विचारतात, सुट्टी कशी झाली?" हे सांगताना ती हसायची. मला मात्र अजूनही त्या लोकांचा राग येतो.

आमच्या पहिल्याच मॅचमध्ये मी दिवे लावले. समोरच्या टीममधली एक चपळ पोरगी मला चुकवून निघाली. मला धाप लागलेली, पुढे आमची एक नर्स पाठमोरी उभी. हात आपोआप गेला. मी तिच्या पाठीवर थाप मारली, "खो" म्हणून ओरडले आणि तिथेच उकिडवी बसले. नर्स माझ्याकडे बघत राहिली आणि तिकडे गोल झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या प्रॅक्टिसला आइसलँडच्या बाईने मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि खो शिकवायला लावला. तेव्हापासून आपल्याला झेपत नाही ती समोरची पोरगी दुसरीवर सोपवायची असली की आमची अख्खी टीम "खो" म्हणायची. ग्लासगोच्या नर्सांचा खो थेट घशातून यायचा, नागपूरला शाळेतल्या माझ्या खो-खोच्या बाईंनासुद्धा आवडला असता.

आइसलँडच्या बाईचा गुडघा मात्र कधीच गेलेला होता. उन्हाळ्यात तो बदलायचा आणि मग कायमचं आपल्या गावी जायचं, असं ठरलं होतं. माझ्या नवऱ्याने तिला पळायची साफ मनाई केली होती. तरी दर शनिवारी ती बूट बांधून रेषेबाहेर उभी राहायची. "एकदा तरी कुणीतरी दांडी मारा. मला एकदाच, शेवटचं उतरायचंय," असं उघड म्हणायची. आणि आम्ही सगळ्या इमानेइतबारे हजर.

सीझनच्या शेवटच्या मॅचला आमची मिडवाइफ डिलिव्हरीत अडकली. एक जण कमी पडली. तिने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो थर्मासमधला चहा ओतत होता, तो ओततच राहिला. मग मला मराठीत म्हणाला, "तिला सांग, नुसतं उभं राहायचं. रनिंग अजिबात नाही." मी सांगितलं. तिने शहाण्या मुलीसारखी मान डोलावली.

अर्थातच ती पळाली. काय सुंदर पळत होती! मॅच संपत आली तेव्हा त्यांची एक पोरगी बॉल घेऊन सुटली आणि ही तिच्या मागे. मी पुढे पाठमोरी होते. पाठीवर हात पडला. "खो," ती हळूच म्हणाली.

मी धावले, बॉल गाठला आणि जमेल तसा बाहेर उडवला. वळून पाहिलं तर ती गवतावर बसली होती, तो पाय लांब करून. खो दिल्यावर बसायचं असतं, हे तिने नीट लक्षात ठेवलं होतं. मी तिच्याकडे जायला निघाले, तशी तिने हात हलवून मला पिटाळलं. बॉल पुन्हा आत आला होता. डोळ्यांतल्या पाण्यामुळे तो धड दिसत नव्हता, तरी मी पळाले.