सुतकातला स्लो कुकर
परवा ऑफिसच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, कुणीतरी स्लो कुकरचं झाकण उघडलं आणि मी अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या आमच्या जुन्या अपार्टमेंटमध्ये जाऊन पोहोचले. नागपूरला सासरे वारले होते, आणि व्हिसा अडकल्यामुळे नवऱ्याला जाता येत नव्हतं. आपल्याकडे अशा घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात आणतात, म्हणून मीही शेगडी लावली नव्हती. दुपारी समोरची म्हातारी अमेरिकन शेजारीण आपला स्लो कुकरच उचलून घेऊन आली. आमच्या ओट्यावर त्याचा प्लग लावून म्हणाली, “सकाळपासून शिजतंय, अजून तासभर राहू दे. बीफ अगदी लोण्यासारखं होईल.” ती गेली आणि कांदा-मिरीच्या दाट ग्रेव्हीचा वास घरभर पसरत राहिला. कुकर बंद करायला दोघांपैकी कुणीच धजेना. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. रडून बसलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, “शेजाऱ्यांनी जेवायला काही आणलं का रे?” “आणलंय, आई.” “काय आणलं?” काचेच्या झाकणाकडे बघत तो म्हणाला, “पिठलं-भात.” त्यांना जरा बरं वाटलं. फोन ठेवून त्याने जन्मात पहिल्यांदा ते ताटलीत घेतलं आणि उभ्यानेच, रडत खाल्लं. मी अडवलं नाही. बीफची चव मला आजही माहीत नाही. पण तो वास आला की घरातलं कुणीतरी गेलंय, असंच वाटतं.